नळदुर्ग : तह आणि तट

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद महामार्गाजवळ, बोरी नदीच्या वळणात बेसाल्टचा एक उंचवटा पुढे आलेला आहे. नळदुर्ग किल्ला या उंचवट्यावर उभा आहे. सह्याद्रीतल्या गडांची चढण इथे नाही. जमिनीच्या बाजूने येणारा माणूस जवळजवळ सपाटीवरून दरवाजापाशी पोहोचतो. नदीच्या बाजूला मात्र खडक उभा तुटलेला आहे आणि तिथून पाहणाऱ्याला किल्ला डोंगरमाथ्यावर असल्यासारखा भासतो. वर्गवारीत तो सहसा भुईकोटांमध्ये धरला जातो. त्याचा तट सुमारे तीन किलोमीटरचा असून बुरुजांची रूढ संख्या ११४ आहे. आतल्या बहुतेक इमारती आता भग्न आहेत. नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल मात्र शाबूत आहेत.

या किल्ल्याचा इतिहास दोन प्रकारच्या साधनांतून वाचला जातो. तवारिखा, तहनामे, गॅझेटियर आणि आठवणींची पुस्तके ही कागदाची साधने. तट, बुरूज, बांध आणि शिलालेख ही दगडाची साधने. पहिल्यांवर भर देणारा इतिहासकार आणि दुसऱ्यांवर भर देणारा स्थापत्यज्ञ यांचे निष्कर्ष बरेचदा जुळत नाहीत. किल्ला कोणामुळे घडला, कशामुळे टिकला आणि कशामुळे पडीक झाला, या तीन प्रश्नांवर त्यांची उत्तरे वेगळी येतात. पुढील संवादात या दोन बाजू कालक्रमाने मांडल्या आहेत.

आरंभ

इतिहासकार : परंपरेने हा किल्ला नळराजाचा मानला जातो, आणि हा नळ म्हणजे नळ-दमयंतीच्या कथेतला. पुराव्याच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. पण बहमनींच्या आधीही इथे कोणाचे तरी ठाणे होते, एवढी आठवण तिच्यात शिल्लक आहे. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, म्हणजे आजचे बसवकल्याण, इथून पूर्वेला आहे. त्यांच्या एखाद्या मांडलिकाकडे नळदुर्ग असावा, असा जुन्या गॅझेटियरचा तर्क आहे. १३४७ मध्ये गुलबर्ग्याला बहमनी राज्य उभे राहिले आणि हे ठाणे त्यांच्याकडे गेले.

स्थापत्यज्ञ : तेच गॅझेटियर सांगते की बहमनींपूर्वी तट मातीचा होता आणि दगडी बांधणी त्यांच्या काळात सुरू झाली. खरे तर इथे पहिला तट निसर्गानेच घातलेला आहे. नदीकडच्या बाजू कड्यांनी राखलेल्या होत्या. माणसाला जोर लावायचा होता तो जमिनीकडच्या बाजूवर. थोड्या बांधकामात मोठा बंदोबस्त होत असेल, तर राजा कोणीही असला तरी हीच जागा निवडणार.

इतिहासकार : जागा चांगली होती म्हणून किल्ला झाला, हे उत्तर पुरे पडत नाही. नदीच्या वळणातले खडक दख्खनच्या पठारावर जागोजागी आहेत, पण त्या सगळ्यांवर किल्ले नाहीत. नळदुर्गाचे वेगळेपण रस्त्यात आहे. पश्चिमेला सोलापूर, पूर्वेला कल्याणी आणि बीदर, आग्नेयेला गुलबर्गा, वायव्येला तुळजापूर आणि पुढे परंडा. या वाटांवर बोरी जिथे ओलांडायची, ती जागा ज्याच्या हाती त्याला किल्ला हवाच होता.

सीमेवरचा शाहदुर्ग

पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी राज्य फुटले. विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही या तिघांच्या हद्दी नळदुर्गाच्या आसपास एकमेकींना भिडल्या. नळदुर्ग आदिलशाहीत राहिला.

इतिहासकार : या किल्ल्याची खरी जडणघडण इथे सुरू होते. सोलापूर आणि त्याचे साडेपाच परगणे यांवरून विजापूर आणि अहमदनगर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा हा मुलूख आंदण म्हणून कबूल झाला आणि प्रत्यक्षात दिला गेला नाही. पुढे निजामशाही राजकन्या चांदबिबीचा विवाह पहिल्या अली आदिलशहाशी झाला, तेव्हा आंदणाची दिशा उलटी होऊन सोलापूर विजापूरला मिळाले. सोलापूरवर असा सतत डोळा असताना त्याच्या पाठीशी भक्कम ठाणे ठेवणे विजापूरला भाग होते. अली आदिलशहाने (कारकीर्द १५५८–१५८०) नळदुर्ग चुना-दगडात नव्याने बांधून काढला आणि त्याचे नाव शाहदुर्ग ठेवले. तवारीखकार फिरिश्ता हे नाव वापरतो.

स्थापत्यज्ञ : राजकारणाने बांधकामाचे निमित्त पुरवले, हे मान्य. बांधकाम असे का झाले, ते मात्र तोफांनी ठरवले. सोळाव्या शतकात दख्खनमध्ये मोठ्या तोफा ओतल्या जाऊ लागल्या. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ बरीच वर्षे याच जिल्ह्यातल्या परंड्याला होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली गेली. अशा तोफांपुढे पातळ आणि उंच भिंत निरुपयोगी ठरते. म्हणून नळदुर्गाचे बुरूज जाड, गोलाकार आणि तटाच्या पुढे आलेले आहेत. लागोपाठच्या दोन बुरुजांवरून मधल्या तटाच्या पायथ्यावर मारा करता येतो. नवबुरुजाला नऊ पाकळ्या आहेत. त्यामुळे एकाच बुरुजावरून अनेक दिशांना तोंड देता येते. जमिनीकडे तटापुढे खंदक आहे आणि दरवाजाची वाट सरळ आत जात नाही. चाल करून आलेल्यांना वळणात गाठून मारण्याची ही योजना आहे.

इतिहासकार : आणि मधोमध उपळी बुरूज.

स्थापत्यज्ञ : तो तटात गुंफलेला नाही, आत एकटा उभा आहे आणि किल्ल्यातली सर्वांत उंच जागा आहे. वर दोन तोफा आहेत. विजापुरातही याच नावाचा एक बुरूज हैदरखानाने १५८४ च्या सुमारास बांधला. दोन्हींमागची गरज एकच होती : लांबवर नजर ठेवायची आणि तटाच्या डोक्यावरून तोफ डागायची.

वेढा

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर आलेला त्याचा पुतण्या दुसरा इब्राहिम जेमतेम नऊ वर्षांचा होता. कारभार चांदबिबीच्या नावाने चालत होता आणि दरबारातले सरदार आपापसांत झुंजत होते. ही संधी साधून निजामशाही आणि कुतुबशाही फौजा एकत्र आल्या आणि त्यांनी शाहदुर्गाला वेढा घातला. तोफांचा मारा झाला, किल्लेदाराला लालूच दाखवली गेली, तरी किल्ला हाती आला नाही. दोस्त फौजा वेढा उठवून थेट विजापूरवर गेल्या आणि तिथेही त्यांना यश आले नाही.

इतिहासकार : या वेढ्यात निर्णायक ठरला तो किल्लेदार. राजधानीत दुफळी माजली असताना सीमेवरचा माणूस फुटला असता तर तटाचा काही उपयोग नव्हता. परंड्याचे उदाहरण समोरच आहे : १६६० मध्ये तो बळकट भुईकोट मोगलांना लढून घ्यावा लागला नाही, किल्लेदारच वश झाला.

स्थापत्यज्ञ : किल्लेदार निष्ठावान होता हे खरे. पण त्याला निष्ठा दाखवायला वेळ तटानेच दिला. पहिल्या महिन्यात तट फुटला असता तर त्याची निष्ठा तवारिखेत दोन ओळींची राहिली असती. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्यावी : आजचा प्रसिद्ध बांध त्या वेळी नव्हता. कडा, नदी, खंदक आणि अलीने बांधलेला तट एवढ्यावर हा वेढा निभावला.

बांध आणि पाणीमहाल

बांधाच्या काळाविषयी दोन नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये बांधाचे श्रेय पहिल्या अली आदिलशहाला दिलेले आहे. किल्ल्यातल्या शिबंदीला बारमाही पाणी मिळावे म्हणून त्याने बोरी अडवली, असे तिथे म्हटले आहे. पाणीमहालातल्या फारसी शिलालेखाप्रमाणे मात्र हे काम दुसऱ्या इब्राहिमच्या काळातले असून त्याचे वर्ष इसवी सन १६१३ येते. कामाचा कर्ता म्हणून मीर इमादीन याचे नाव सांगितले जाते.

स्थापत्यज्ञ : इथे कागद चुकला आणि दगडाने तो दुरुस्त केला. बांध अलीचा मानला तर त्याचा अर्थ वेढ्याच्या तयारीशी लागतो. तो १६१३ चा ठरला की सगळा विचार पुन्हा करावा लागतो.

इतिहासकार : चूक कशी झाली असावी, हेही कागदच सुचवतो. फिरिश्ता विजापूरच्या आश्रयाने लिहीत होता आणि त्याचा ग्रंथ मुख्यतः सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात आकाराला आला. अलीने केलेल्या नव्या बांधणीची नोंद त्याच्याकडे आहे. १६१३ च्या बांधाची असण्याचे कारण नाही. पुढच्या लेखकांनी किल्ल्यातले सगळे मोठे काम अलीच्या खात्यावर टाकले, तर त्यात नवल नाही. १६१३ मध्ये विजापूर वैभवाच्या शिखरावर होते. उत्तरेत निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मोगलांना थोपवून होता, त्यामुळे आदिलशाहीला उसंत मिळाली होती. इब्राहिम संगीताचा शौकीन होता. त्याने १५९९ मध्ये नौरसपूर वसवायला घेतले होते. त्याच्याच कारकिर्दीत, १६२० मध्ये, विजापूरची ताज बावडी झाली. पाणीमहाल या मालिकेत बसतो. तो राजाच्या करमणुकीसाठी आहे, लढाईसाठी नव्हे.

स्थापत्यज्ञ : महाल करमणुकीचा आहे, बांध नाही. दोहोंचा विचार वेगवेगळा करायला हवा. बांधाची कामे किमान तीन आहेत. पहिले, पाणी अडवून किल्ल्याच्या एका अंगाला खोल जलाशय तयार करणे. त्यामुळे कड्याखाली उभे राहायलाही जागा उरत नाही. दुसरे, शिबंदी, जनावरे आणि वस्ती यांना उन्हाळ्यातही पाणी देणे. धाराशिव जिल्हा कमी पावसाचा आहे. इथे शत्रूआधी टंचाई येते. तिसरे काम कमी सांगितले जाते : पलीकडच्या काठावर रणमंडळ नावाचा वेगळा तटबंदीचा भाग आहे. समोरचा तो उंचवटा शत्रूच्या हाती गेला तर तिथून किल्ल्यावर तोफा लागू शकल्या असत्या. बांधावरून रणमंडळाला पक्की वाट मिळाली आणि दोन काठांवरचे दोन भाग एक किल्ला झाले.

इतिहासकार : मग त्याच बांधाच्या पोटात नक्षीदार महालाचे प्रयोजन काय?

स्थापत्यज्ञ : बांध रुंद असणे पाण्याच्या दाबामुळे गरजेचे होते. त्या जाडीत पोकळी ठेवून दालन काढणे हे धाडसाचे काम, पण अशक्य नाही. दालनाची तोंडे खालच्या अंगाला, म्हणजे पाणी पडते त्या बाजूला आहेत. पावसाळ्यात जलाशय भरला की जादा पाणी दोन सांडव्यांवरून खाली झेपावते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आत बसलेल्याच्या डोक्यावरून नदी जाते, समोर धारा कोसळतात आणि दालन कोरडे राहते. पाणी ठरलेल्या जागेवरूनच सांडावे, एवढी उंचीची आणि उताराची मोजणी अचूक झाल्याशिवाय हे साधत नाही. चारशेहून अधिक पावसाळे बांधाने सोसले, ही त्या मोजणीची पावती आहे.

इतिहासकार : जलकाम आणि विलास एकत्र आणण्याची ही रीत इराणी जगातही दिसते. इस्फहानचा खाजू पूल १६५० च्या सुमारास दुसऱ्या शाह अब्बासने बांधला. तो पूल आहे, पाणी तुंबवणारा बंधारा आहे आणि मधोमध शाही बैठकही आहे. विजापूरच्या दरबारात इराणातून आलेल्यांचा भरणा होता. नळदुर्गचे काम खाजूच्या आधीचे आहे, त्यामुळे त्याला खाजूची नक्कल म्हणता येत नाही. पण दोन्हींमागची अभिरुची एका घराण्यातली वाटते.

या मुद्द्यावर दोन्ही बाजू बऱ्याच जवळ येतात. बांधाचा उपयोग लष्करी होता आणि महालाचा हेतू राजेशाही होता. एकाच बांधकामाने दोन्ही साधले. तेवढा खर्च करण्याइतकी शांतता आणि तसे कसब, दोन्ही विजापूरकडे त्या वेळी होते.

तहांनी बदललेले धनी

इतिहासकार : १६१३ नंतरचा नळदुर्गचा इतिहास हा हस्तांतरांचा इतिहास आहे, आणि त्यातले एकही हस्तांतर तट फोडून झालेले नाही. सप्टेंबर १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि आदिलशाही संपली. तिच्याबरोबर नळदुर्गही मोगलांकडे गेला. १७२४ नंतर दख्खनचा सुभा निजाम-उल-मुल्काच्या घराण्याचा झाला. १७५७-५८ च्या हिवाळ्यात सिंदखेडच्या मोहिमेत निजाम अडचणीत आला आणि पेशव्यांशी झालेल्या तहात पंचवीस लाखांच्या मुलुखाबरोबर नळदुर्ग देण्याचे ठरले. पुढे हा मुलूख पुन्हा निजामाच्या राज्यात गेला. १८५३ च्या तहात हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग–धाराशिवचा भाग इंग्रजांच्या हवाली केला. १८६० मध्ये त्यांतले शेवटचे दोन भाग त्याला परत मिळाले. सारे निर्णय विजापूर, सिंदखेड किंवा हैदराबादला झाले. तटाचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

स्थापत्यज्ञ : हाच पुरावा उलट्या बाजूने वाचता येतो. किल्ला लढून घेणे परवडत नव्हते, म्हणून तो दुसरीकडे मिळवावा लागला. तट आपले काम करत होता, हे तहांवरूनच कळते.

इतिहासकार : अठराव्या शतकापुरते ते मान्य. १८५३ मध्ये मात्र कोणालाही हा किल्ला लढून घ्यायचा नव्हता. १८५३ ते १८५७ या काळात फिलिप मेडोज टेलर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारी होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने तो आधीच नावारूपाला आला होता. पुढे त्याने ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूरचा परिसर रंगवला. त्याचा व्याप महसुलाचा, मोजणीचा आणि रस्त्यांचा होता. किल्ला कचेरीच्या कामाला आला होता, लढण्याच्या नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे नळदुर्ग हे नाव जाऊन उस्मानाबाद आले, आणि २०२३ मध्ये धाराशिव. जिल्ह्याचे ठाणेही धाराशिवला होते. तिन्ही शाह्यांची सीमा पुसली गेल्यापासून इथे फौज ठेवण्याचे कारण उरले नव्हते. किल्ला पडीक झाला तो या कारणाने.

स्थापत्यज्ञ : कारण ते, पण पडझडीची रीत वेगळी. राबता संपला की छपरांची आणि गच्च्यांची डागडुजी थांबते. पाणी भिंतीच्या गाभ्यात मुरते. दख्खनच्या तटांना दोन्ही अंगांना घडीव दगड आणि आत चुन्यात बसवलेली भर असते. ही भर धुपली की दर्शनी दगड बाहेर सुटतो. पिंपळ-वडाची मुळे फटीत शिरून उरलेले काम करतात. म्हणून अंबारखाना, महाल, कचेऱ्या अशा गच्चीच्या इमारती आधी ढासळल्या आणि भरीव बुरूज व बांध टिकले. नळदुर्गचे अवशेष तोफेने पडलेले नाहीत, पावसाने पडलेले आहेत.

१९४८ चा पूल

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरहून हैदराबाद संस्थानात शिरली. पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. किल्ल्याच्या बाजूला निजामाची पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. सातव्या ब्रिगेडने झपाट्याने बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि मग दुसऱ्या शीख पलटणीने हैदराबादी मोर्चांवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

इतिहासकार : मोहिमेची घाई किल्ल्यासाठी नव्हती, पुलासाठी होती. पूल उडवला गेला असता तर रणगाडे आणि मोटारी अलीकडेच अडल्या असत्या. किल्ल्याचे महत्त्व मुळात नदी ओलांडण्याच्या जागेमुळे होते, हे सहाशे वर्षांनी पुन्हा सिद्ध झाले.

स्थापत्यज्ञ : विसाव्या शतकातल्या दारूगोळ्यापुढे तट अडथळा राहिला नव्हता, यात वाद नाही. तरीही निजामाच्या पलटणीने मोर्चे इथेच बांधले. नदी, उंचवटा आणि रस्ता यांचा मेळ तिलाही टाळता आला नाही.

जतन

आजचा वाद भूतकाळाचा नाही, अवशेषांच्या वापराचा आहे. राज्य संरक्षित स्मारकांच्या संगोपनात खाजगी संस्थांना सहभागी करून घेण्याची ‘महाराष्ट्र वैभव’ ही शासनाची योजना आहे. तिच्याखाली २०१४ च्या सुमारास नळदुर्ग किल्ला देखभालीसाठी करारावर देण्यात आला. झाडोरा निघाला, वाटा झाल्या, बागा आणि पर्यटकांसाठी सोयी आल्या.

इतिहासकार : राबता गेल्याने किल्ला पडला असेल, तर राबता परतल्याने तो टिकेल. पाणीमहाल आणि सांडवे पाहायला पावसाळ्यात मोठी गर्दी होते. त्या गर्दीला किल्ल्याचा इतिहास सांगणे हेही जतनच आहे. शेजारी मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते. अणदूर आणि नळदुर्ग ही दोन गावे ठरलेल्या कराराप्रमाणे देवाची मूर्ती वर्षातून आळीपाळीने आपल्याकडे ठेवतात. सुलतानांचे आणि निजामांचे तह कालबाह्य झाले. या परिसरातला हा एक करार मात्र दरवर्षी पाळला जातो. स्मारकही असे लोकांच्या रोजच्या व्यवहारात राहिले पाहिजे.

स्थापत्यज्ञ : व्यवहारात राहावे, पण त्यासाठी त्याचे रूप बदलू नये. १९६४ च्या व्हेनिस सनदेने एक मर्यादा घालून दिली आहे : तर्क सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. नळदुर्गच्या बाबतीत याचा अर्थ स्पष्ट आहे. पडलेल्या महालाची कल्पनेने उभारणी नको. जुन्या चुन्याच्या सांध्यात सिमेंट भरू नये. सिमेंट कडक असते, ओल अडवून धरते आणि शेजारचा दगड फोडते. बागेला घातलेले पाणी तटाच्या गाभ्यात मुरत नाही, हे पाहिले पाहिजे. बांधामागचा गाळ, सांडव्यांची झीज आणि शिलालेख यांची नियमित नोंद ठेवावी. सर्वांत आधी बांध राखावा. तो गेला तर परत उभा करता येणार नाही.

इतिहासकार : त्याबरोबर प्रत्येक भागाचा काळ सांगणारे फलक हवेत. चुकीचे श्रेय दगडावर एकदा लिहिले गेले की ते पुसणे पुस्तकातली चूक पुसण्यापेक्षा कठीण जाते.

दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की नळदुर्गच्या इतिहासाचा क्रम असा लागतो. नदी ओलांडण्याच्या जागेमुळे इथे ठाणे झाले. बहमनींच्या काळात त्याला दगडी तट आला. तीन शाह्यांच्या सीमेमुळे पहिल्या अलीने ते नव्याने बांधले आणि त्याच बळावर १५८० नंतरचा वेढा निभावला. १६१३ मध्ये इब्राहिमच्या बांधाने पाणी, बचाव आणि विलास एकत्र आणले. सीमा पुसल्यावर किल्ला तहांतून हात बदलत राहिला आणि देखभाल थांबल्यावर ढासळला. धनी का बदलले, हे कागद सांगतो. किल्ला का टिकला आणि कसा पडला, हे दगड सांगतो. बांधाच्या तारखेबाबत कागदाला दगडाची गरज पडली, तर वेढा, तह आणि १९४८ ची चकमक दगडाला सांगता आली नसती. म्हणून नळदुर्गवरचे कोणतेही विधान दोन्ही साधनांवर ताडूनच स्वीकारावे लागते.